नजरेचा काटा

चंदनझिऱ्याच्या मागं, भट्टीच्या आवारात
मी लोखंड निवडते.
पत्रा वेगळा, तारा वेगळ्या, बीड वेगळं.
बीड म्हणजे ओतीव लोखंड, गाव नव्हे.
माझं माहेर तिकडचंच, म्हणून बाया हसतात :
कौतिका, तुझ्या माहेरचा ढीग आला बघ.
पितळ सापडलं तर मुकादमाच्या हातात द्यायचं.
माझं नाव रजिस्टरात नाही,
मुकादमाच्या तोंडात आहे.
सांजच्याला तो बोट फिरवतो :
तू ये, तू ये,
तुझं सोमवारी बघू.

चार वर्षांत एक विद्या आली.
ट्रॅक्टरचं मडगार्ड, दवाखान्याची खाट,
कुणाच्या बसलेल्या दुकानाचं शटर
नुसतं बघून सांगते किती किलो.
काटेवाला चिठ्ठी फाडायच्या आधी विचारतो,
बोला कौतिकाबाई,
मी बोलते, आणि पाव किलोचीही चूक नसते.
या विद्येची हजेरी वेगळी मिळत नाही.

सुटताना गेटवर झडती.
डबा उघडतात, कंबर चाचपतात,
अंबाडा सोडायला लावतात.
डोळे कुणी तपासत नाही.
म्हणून काटा माझ्यासोबत घरी येतो.

तवा सव्वा किलो.
पाण्याचा ड्रम सतरा, तोही रिकामा असला तर,
आणि आमच्याकडं नळ दहाव्या दिवशी,
म्हणजे बहुतेक वेळा सतराच.
ट्रंक, खुरपं, दाराची कडी.
झोपायच्या आधी आख्खं घर
डोळ्यांत एकदा मोजून होतं.
एकोणसाठ किलो भरतं. सायकल धरून.

सायकल पोरीची, शाळेतून मिळालेली.
आधी भानुदास मिलमध्ये होता.
वीज रात्री स्वस्त, म्हणून मिल रात्री चालायची,
म्हणून तो दिवसा झोपायचा,
आणि आम्ही दिवसभर कुजबुजत बोलायचो.
दिवाळीनंतर एक पाळी बंद झाली.
आता तो पहाटे पोरीची सायकल घेऊन नाक्यावर जातो.
काम नाही मिळालं
तर दहाच्या आत आणून भिंतीला लावतो.
मिळालं, की पोरगी पायी.
ती दप्तर अडकवून दारात उभी असते,
रस्त्याकडं बघत.
आपल्याला पायी जावं लागावं
म्हणून रोज वाट बघते.

बुधवारी गटाचा हप्ता.
एका बुधवारी माझा शमीम आपा भरते,
एका बुधवारी तिचा मी.
मॅडम म्हणतात, तुमची गल्ली फार व्यवस्थित आहे.
आम्ही दोघी मान डोलावतो.
आपाच्या हातात बांगड्या नव्हत्या त्या दिवशी.
मी विचारलं नाही. तिनं चहात साखर जास्त घातली.

गेल्या मंगळवारी एक ट्रक आला.
ढिगाच्या वरच सायकली, अकरा,
सगळ्या एकाच निळ्या रंगाच्या.
टायर काढा, सीट कापा, म्हणाला मुकादम.
एकीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात,
हात सावकाश फिरवून लिहिलेलं :
कु. शीतल, इ. आठवी.
आडनावावर गंज होता.

बोला कौतिकाबाई.
एकोणीस, म्हणाले मी.
त्यानं ठेवली. चौदाच भरली.
तो हसला, म्हणाला, आज काय झालं?
काय सांगू.
मी दप्तरासकट मोजली होती.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते.
भिंतीशी सायकल नव्हती.
कुडावर तिच्या हँडलनं घासून
एक काळी रेघ झालीय, तेवढी होती.
त्याला काम मिळालं असेल,
लांबचं असेल,
म्हणून उशीर.
दुसरं काही मनात येऊ दिलं नाही.
चूल पेटवली
आणि परातीत पीठ
एक मूठ जास्तच घेतलं.